परमुलखी वैद्यकीय उपचार : धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा

आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे जाऊन तज्ञ वैद्यकीय उपचार घेणे, याला परमुलखी उपचार म्हणता येईल. या संज्ञेने सामान्यतः डोळ्यांसमोर येते ते समुद्रापार जाणाऱ्या सधन रुग्णांचे चित्र. महाराष्ट्राच्या आग्नेय भागातील धाराशिव जिल्ह्यात मात्र, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, परमुलूख समुद्रापार नव्हता. तो बैलगाडीने एका दिवसाच्या अंतरावर होता. हा जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि त्याच्या पश्चिमेस लागून असलेला बार्शी तालुका इंग्रजी अंमलाखालील सोलापूर जिल्ह्यात. दोन्हीकडची भाषा एक, सोयरीक एक, बाजार एक. पण सरकार, चलन, जकात आणि कचेरीची लिपी निराळी. गंभीर आजारी माणसाला ही सीमा ओलांडावी लागे. ती का ओलांडावी लागे, कोणाला ओलांडता येई आणि ती पुसली गेल्यानंतर नेमके काय बदलले, याचा हा आढावा आहे.

सध्याच्या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी हे आठ तालुके येतात. १९८२ मध्ये लातूर हा वेगळा जिल्हा होईपर्यंत तो भागही यातच समाविष्ट होता. जिल्ह्याचे जुने मुख्य ठिकाण नळदुर्ग. पुढे ते धाराशिव येथे आले आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून गावास व जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. धाराशिव हे मूळ नाव २०२३ मध्ये शासकीय व्यवहारात परत आले. बालाघाटच्या पठारावरील हा अवर्षणप्रवण मुलूख. एकदा पीक बुडाले की, औषधपाण्यासाठी हातात रोकड उरत नसे. या साध्या गोष्टीचा विसर पडला, तर पुढील इतिहासाचा अर्थ नीट लागणार नाही.

मध्यंतरीचा एक अपवाद नोंदविण्यासारखा आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआब यांबरोबर नळदुर्ग–धाराशिवचा प्रदेशही निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. त्याच्या कारभारावर आलेला अधिकारी म्हणजे ठगांवरील कादंबरीमुळे सर्वश्रुत झालेला मेडोज टेलर. १८६० मध्ये हा प्रदेश निजामास परत मिळाला. अन्यथा धाराशिव व बार्शी यांच्यातील सीमा अस्तित्वातच राहिली नसती आणि प्रस्तुत विषयाला वेगळे वळण लागले असते.

रुग्णालये येण्यापूर्वीची स्थिती इतर ग्रामीण दख्खनसारखीच होती. गावचा वैद्य, कसब्याच्या ठिकाणचा हकीम, हाडे बसविणारा हाडवैद्य आणि सुईण यांच्यावर बहुतेक उपचार अवलंबून असत. आजार त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की, तुळजापूरच्या भवानीला किंवा धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन यांच्या दर्ग्याला नवस बोलण्याची रीत होती आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदू-मुसलमान असा भेद फारसा नसे. रोग्याला घेऊन दूर जावे, तेथे काही दिवस राहावे, सोबतच्यांनी चूल मांडावी आणि गुण आला की परत फिरावे, हा रिवाज यात्रेने लोकांच्या अंगवळणी पाडलेला होता. पुढे मिशनच्या दवाखान्यापुढे बैलगाड्या सोडून राहिलेल्या कुटुंबांना हे वागणे मुद्दाम शिकावे लागले नाही.

निजामी अमदानी : हैदराबाद संस्थान वैद्यकीय बाबतीत मागासलेले होते, अशी सरसकट समजूत आहे, ती तपासून पाहणे आवश्यक आहे. हैदराबाद शहरात १८४६ मध्येच वैद्यकीय शाळा स्थापन झाली आणि तीत प्रारंभी पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकविले जात असे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयानंतर अवघ्या एका वर्षाने ही शाळा निघाली. १८८८ व १८८९ मध्ये शस्त्रवैद्य एडवर्ड लॉरी याच्या आग्रहावरून व निजाम सरकारच्या खर्चाने क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी दोन आयोग हैदराबादेत भरले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन हा नामांकित औषधशास्त्रज्ञ आला होता. आयोगाचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. तथापि संवेदनाहारकांचा प्रश्न सोडविण्यासाठी युरोपने हैदराबादकडे पाहावे, ही घटनाच महत्त्वाची आहे. याच शहराच्या जोडगावात, सिकंदराबादेत, रॉनल्ड रॉसने ऑगस्ट १८९७ मध्ये डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी पाहिले. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात अफझलगंजचे जुने रुग्णालय उद्ध्वस्त झाल्यावर नदीकाठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकाचे अध्यापन पुन्हा उर्दूतून सुरू झाले.

तेव्हा प्रश्न विद्येच्या अभावाचा नव्हता. ती सारी राजधानीत साठलेली होती. धाराशिव, परांडा किंवा कळंब येथील रयतेला राजधानी फार दूर होती. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालय आणि काही मोठ्या गावी मोजके दवाखाने असले, तरी मोतीबिंदू, मुतखडा, पोटातील गाठ, अडलेले बाळंतपण अशा प्रसंगी शस्त्रवैद्य हवा असे. आणि तो तेथे नसे. शिवाय प्रवासाची गंमत अशी की, सिकंदराबादला जाणारी निजामाची आगगाडी १८७४ पासून वाडी जंक्शनहून सुटे. ती गाठायची तर धाराशिवकराला आधी सोलापूरला, म्हणजे इंग्रजी मुलखात, जाऊन मुंबई–रायचूर गाडीत बसावे लागे. स्वतःच्या राजधानीकडे जाण्याचा सोयीचा मार्गही बराच काळ परमुलखातूनच होता. एवढे करून सोलापूर किंवा बार्शीपर्यंत आलेल्या माणसाने पुढे हैदराबादला का जावे, हा प्रश्न त्याला पडत असल्यास नवल नाही. मराठी बोलणाऱ्या रोग्यास उर्दूत लिहिलेली चिठ्ठी वाचता येत नसे, हेही एक कारण होते. पण ते दुय्यम मानले पाहिजे, कारण मिरजेस गेल्यावर त्याला इंग्रजी चिठ्ठीदेखील वाचता येत नव्हती.

मिरज आणि बार्शी लाइट रेल्वे : या इतिहासात दोन गोष्टी एकमेकींना पूरक ठरल्या. एक रुग्णालय आणि एक अरुंदमापी आगगाडी.

विल्यम जेम्स वानलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला. सांगली–मिरज परिसरात दवाखाना चालवून त्याने १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उघडले. मिरज हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. डोळ्यांच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांमुळे वानलेसचे नाव दक्षिण महाराष्ट्र, कर्नाटक आणि मोगलाई (निजामी मुलखास मराठीत हेच नाव रूढ होते) येथे सर्वत्र पसरले. त्याच्या कीर्तीचे गमक त्याने लिहिलेल्या निबंधांत शोधण्यापेक्षा अन्यत्र शोधावे. आंधळा म्हणून गावातून नेलेला म्हातारा परत येताना स्वतःच्या पायांनी चालत येई, आणि गावाला आणखी पुराव्याची गरज उरत नसे. मिशनने तेथे वैद्यकीय शाळाही काढली. तीतून शिकलेले देशी डॉक्टर पुढे निरनिराळ्या गावी गेले. कुष्ठरोग्यांसाठी आश्रम आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम या त्याच कार्याच्या शाखा होत. वानलेस १९२८ मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी त्यास ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९३३ मध्ये तो मृत्यू पावला. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता आणि खाटांमधून प्रार्थनाही होत. रुग्णांनी तो भाग बहुधा ऐकून घेतला आणि उपचार घेऊन ते घरी परतले.

बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची निर्मिती. अडीच फूट रुंदीचा हा लोहमार्ग १८९७ मध्ये कुर्डुवाडी (तेव्हाचे स्थानक बार्शी रोड) ते बार्शी असा सुरू झाला. त्याचा हेतू व्यापारी आणि यात्रेकरूंची वाहतूक हा होता. बार्शी ही निजामी मुलखातील कापूस, गळीत धान्ये व डाळी यांची मोठी बाजारपेठ होती. १९०६ मध्ये पंढरपूर, १९०७ मध्ये निजामी हद्दीतील तडवळे, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज, असे या मार्गाचे फाटे वाढत गेले. या शेवटच्या टप्प्याने, योजनाकर्त्यांच्या मनात असो वा नसो, लातूर–येडशी भागातील रोगी एकाच अरुंदमापी मार्गावरून मिरजेच्या दारापर्यंत पोहोचू लागला. धाराशिव गावास मात्र हा मार्ग शिवला नाही. तेथील लोकांना येडशीपर्यंत बैलगाडी किंवा नंतर मोटार करावी लागे. गाडी संथ होती. उतारू चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढतात, असे तिच्याविषयी विनोदाने बोलले जाई. परंतु पोटाला टाके घातलेल्या माणसाला संथ गाडी हे काही दुःख नव्हते.

या प्रवासातील राजकीय भूगोल ध्यानात घेण्यासारखा आहे. येडशीला गाडीत बसलेला रोगी निजामाच्या राज्यातून निघे, बार्शी–पंढरपूर या इंग्रजी मुलखातून जाई आणि पटवर्धनी संस्थानात उतरे. म्हणजे एका मोतीबिंदूपायी तीन सत्तांचा प्रदेश ओलांडला जाई. निजामी राज्याचे स्वतःचे चलन होते. त्यातील रुपयास हाली म्हणत व इंग्रजी रुपयास कलदार. सात हाली रुपयांचे सुमारे सहा कलदार होत. रेल्वेचे भाडे, औषधे, खानावळ हे सर्व सीमेपलीकडे कलदारात द्यावे लागे. सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे निजामी जकातीचे, नाके असत. पारपत्र लागत नसे, हे खरे. परंतु पारपत्राशिवायही माणूस परका ठरू शकतो. मोगलाईतील माणसाला बार्शीच्या पेठेत कोणी ओळखीचा नसेल, तर त्याची हाली नाणी कमी भावाने घेतली जाण्याचा धोका होता आणि रात्रीच्या मुक्कामाचीही पंचाईत होती.

म्हणूनच रोग्याला मदत करणारा माणूस या इतिहासात डॉक्टराइतकाच महत्त्वाचा मानावा लागतो. बार्शीतील अडत्याकडे निजामी मुलखातील शेतकऱ्याचा माल वर्षानुवर्षे जाई; त्याचे खाते अडत्याच्या वहीत असे. बाजारपेठ, आगगाडी आणि सावकारी एकाच गावी असल्यामुळे मालाच्या भरवशावर कलदार उचल देणारा, गाडीत बसवून देणारा आणि मिरजेच्या ओळखीच्या व्यापाऱ्यास चार ओळी लिहून देणारा हाच माणूस असणे स्वाभाविक होते. ही मदत फुकटची नव्हती. तिचे व्याज पुढच्या सुगीत वळते होई. ज्याच्या नावे अडत्याच्या वहीत खाते नव्हते त्या शेतमजुराला, बलुतेदाराला किंवा गावकुसाबाहेरील माणसाला हा मार्ग जवळपास बंदच होता. मिशनची रुग्णालये गरिबांकडून पैसे घेत नसत किंवा कमी घेत. परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च कोणी माफ करीत नसे. स्त्रियांची अडचण याहून मोठी होती. बाई आजारी पडली तर तिच्यासोबत एक पुरुष व स्वयंपाकाला एक बाई जाणार, म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत शेतातील तीन माणसे कमी होणार. त्यामुळे स्त्रीचा आजार सुगी उलटेपर्यंत लांबविला जाई. हा लांबविण्याचा परिपाठ पुढे कर्करोगाच्या नोंदींतून आकड्यांच्या रूपाने दिसला.

सीमा बंद होते आणि पुसली जाते : १५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबाद भारतीय संघराज्यात सामील न झाल्याने पूर्वीची सैल सीमा एकाएकी कडक झाली. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सीमेपलीकडे छावण्या काढून लढत होते. रझाकारांच्या अत्याचारांना कंटाळून गावेच्या गावे बार्शी व सोलापूरकडे निघाली. बार्शीचा दवाखाना आणि सोलापूरचे सरकारी रुग्णालय या काळात निर्वासितांचाही आधार होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने सोलापूरच्या बाजूने कूच केले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळील बोरी नदीवरील पूल हस्तगत केला. पाच दिवसांत कारवाई संपली. ज्या सोलापूर–हैदराबाद रस्त्याने रोगी पश्चिमेकडे जात, त्याच रस्त्याने सैन्य पूर्वेकडे गेले.

यानंतरच्या राज्यपुनर्रचनेने भूमिकांची अदलाबदल केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. कालपर्यंत परमुलूख असलेली बार्शी, सोलापूर, मिरज ही आपल्या राज्यातील गावे झाली आणि कालपर्यंत राजधानी असलेले हैदराबाद परराज्यात गेले. उमरगा भागातील लोक गुलबर्गा व हैदराबादकडे जात राहिले. त्यांच्या दृष्टीने परमुलूख फक्त दुसऱ्या दिशेला सरकला. कागदोपत्री सीमा पुसली गेली, पण अंतरे तीच राहिली.

राज्याने या अंतरावर महाविद्यालये उभारून उपाय केला. औरंगाबादेत १९५६ मध्ये, सोलापुरात १९६३ मध्ये आणि अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालये निघाली. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे ग्रामीण भागात मुद्दाम काढलेले म्हणून वैशिष्ट्यपूर्ण असून कळंब तालुक्यास ते विशेष सोयीचे ठरले. तुळजापूर, उमरगा, लोहारा यांचा ओढा सोलापूरकडे राहिला. सोलापूरच्या वैद्यकीय परंपरेचा उल्लेख करताना द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव टाळता येत नाही. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच मृत्यू पावले. रोगी डॉक्टरांकडे जातो त्याऐवजी डॉक्टरांनीच परदेशी रोग्यांकडे जावे, याचे एवढे ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरे नाही.

कर्करोगाची गोष्ट वेगळी होती. त्यासाठी मुंबईखेरीज मार्ग नव्हता. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि मराठवाड्यातील रोगी तेथे एसटीने व आगगाडीने जाऊ लागले. किरणोपचार आठवडेच्या आठवडे चालतात. त्या मुदतीत राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेसारखी ठिकाणे आधार ठरली. तरीही अनेकांचे उपचार अर्धवट सुटत. पहिल्या आठवड्यात बरे वाटले, पैसे संपले, पेरणी आली, आणि माणूस गावी परतला तो पुन्हा गेलाच नाही, हा क्रम त्या काळच्या कर्करोगतज्ञांच्या चांगल्या परिचयाचा होता.

बार्शीचे कर्करोग रुग्णालय : १९८० नंतरच्या दशकात बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले. या नावात एक विलक्षण योग आहे. अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्यावर न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात उपचार झाले होते. त्या मायदेशी परतल्या आणि ३ मे १९८१ रोजी मुंबईत निवर्तल्या. परदेशी उपचारांसाठी जाण्याची ऐपत असलेल्या भारतीय रुग्णाचे त्या पिढीतील सर्वांत परिचित उदाहरण त्यांचेच. त्यांच्या नावाने सीमावर्ती तालुक्यात रुग्णालय निघावे आणि मुंबईला जाण्याचीही ऐपत नसलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा, हे औचित्यपूर्णच म्हटले पाहिजे.

१९८७ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने येथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली नोंदणी. तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबरच धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके घेतले गेले. म्हणजे जुनी सीमा या नोंदवहीने प्रथमच विचारात घेतली नाही. शहरी नोंदणीत रुग्णालयांच्या कागदांवरून रोगी मोजले जातात. येथे तसे करणे निरर्थक होते, कारण बहुसंख्य रोगी कोणत्याही रुग्णालयात पोहोचतच नव्हते. म्हणून कार्यकर्ते ठरलेल्या काळाने गावोगाव जात, शिक्षक, सरपंच, दाई यांना भेटत, संशयास्पद लक्षणे समजावून सांगत आणि रोग्याला रुग्णालयापर्यंत आणीत. स्त्रियांतील कर्करोगांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आढळले आणि बहुतेक स्त्रिया रोग फार पुढे गेल्यावर येतात, हेही स्पष्ट झाले. काही वर्षांत याच भेटीगाठींमुळे स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे दिसले, आणि ते संशोधन १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोणतेही नवे यंत्र न आणता, केवळ बोलण्याने हा फरक पडला होता.

याच पायावर १९९९ मध्ये या जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती हाती घेतली. अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानने तिला अर्थसाहाय्य दिले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांच्या ५२ समूहांत विभागून, चार गटांत घेण्यात आल्या. एका गटाची मानवी पॅपिलोमा विषाणूसाठी चाचणी झाली, दुसऱ्याची पेशीपरीक्षा, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, चौथ्या गटाची तपासणी न करता केवळ नेहमीची व्यवस्था ठेवण्यात आली. गावातच तपासणी करावयाची आणि दोष आढळल्यास पुढील उपचार द्यावयाचे, अशी योजना होती. शतकभर रोगी तज्ञाकडे गेला. येथे तज्ञांचे ज्ञान प्रथमच एवढ्या प्रमाणावर गावाकडे आले.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४ झाले. पुढच्या अवस्थेतील कर्करोग पहिल्या गटात ३९ स्त्रियांत, तर दुसऱ्यात ८२ स्त्रियांत आढळले. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, असा याचा अर्थ. उरलेल्या दोन पद्धतींनी या चाचणीत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. जगभरच्या तपासणी-धोरणांचा विचार करताना उस्मानाबादच्या या आकड्यांचा आधार वारंवार घेतला जातो. वैद्यकीय वाङ्मयात या जिल्ह्याचे नाव जितके उद्धृत होते, तितके महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही ग्रामीण जिल्ह्याचे क्वचितच होत असेल.

तथापि चौथ्या गटाविषयी पुढे कडक टीका झाली. पेशीपरीक्षेचा उपयोग विकसित देशांत पूर्वीच सिद्ध झालेला असताना तीस हजारांहून अधिक स्त्रियांना कोणत्याही तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते काय, असा आक्षेप अमेरिकेतील व भारतातील काही जाणकारांनी घेतला आणि ती तक्रार अमेरिकेच्या शासकीय यंत्रणेपर्यंत गेली. संशोधकांचे उत्तर असे की, भारतात त्या वेळी राष्ट्रीय तपासणी-कार्यक्रमच नव्हता. तेव्हा नेहमीची व्यवस्था म्हणजे तपासणी नसणे हेच होते आणि तुलनेशिवाय कमी खर्चाच्या पद्धतीची परिणामकारकता सिद्ध करता आली नसती. हे उत्तर सहज झटकून टाकण्यासारखे नाही. परंतु ते पुरेसेही वाटत नाही. नेहमीची व्यवस्था ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हती; ती दीडशे वर्षांच्या उपेक्षेतून घडली होती. त्या उपेक्षेलाच तुलनेचे माप मानल्यास, जेथे उपेक्षा अधिक तेथे संशोधन सोपे, असा निष्कर्ष निघतो. त्यातही, २०१६ मध्ये केंद्र शासनाने ठरविलेल्या राष्ट्रीय तपासणी-आराखड्यात विषाणूचाचणीऐवजी ॲसिटिक आम्लाची पद्धत स्वीकारण्यात आली, कारण ती स्वस्त आणि आरोग्यसेविकांना करता येण्याजोगी होती. मुंबईत झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत या पद्धतीनेही मृत्यू घटल्याचे दिसले होते, हे त्या निर्णयाच्या बाजूने सांगितले पाहिजे.

भूकंप आणि नंतर : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि या जिल्ह्यातील सास्तूर व उमरगा–लोहारा परिसर उद्ध्वस्त केला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. जखमींना सोलापूर व अन्य ठिकाणच्या रुग्णालयांत हलवावे लागले आणि देशोदेशींचे मदतीचे हात प्रथमच या भागात आले. पुनर्वसनाच्या ओघात सास्तूर येथे स्पर्श रुग्णालय उभे राहिले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन ‘भारत वैद्य’ म्हणून तयार केले. तज्ञ उपचारांची गरज पडण्याआधीच आजार ओळखणे, हा त्यांच्या कामाचा मुख्य भाग होता.

आर्थिक अडसर कमी करण्यासाठी राज्याने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत सोलापूरचा समावेश होता, उस्मानाबादचा नव्हता. योजना २१ नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. मधले सुमारे सोळा महिने बार्शी तालुक्यातील रोग्याला जी शस्त्रक्रिया योजनेतून मिळे, ती शेजारच्या परांडा तालुक्यातील रोग्याला स्वतःच्या खर्चाने करावी लागे; निजामी सीमा तेवढ्या काळापुरती पुन्हा जिवंत झाली होती. योजनेतील ‘आरोग्यमित्र’ हे पद या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. अंगीकृत रुग्णालयात बसून रोग्याची कागदपत्रे पाहणे, मंजुरीची वाट दाखविणे, कोठे जावे ते सांगणे हे त्याचे काम. पूर्वी अडत्या जे व्याज घेऊन करी, ते पगारी माणसाकडे सोपविण्याचा हा प्रयत्न होय.

दरम्यान मुंबई, पुणे व हैदराबाद येथील मोठी खाजगी रुग्णालये आफ्रिका व पश्चिम आशियातील रुग्णांना आकर्षित करू लागली. केंद्र शासनाने त्यांच्यासाठी वेगळे वैद्यकीय प्रवेशपत्र सुरू केले आणि रुग्णालयांनी दुभाषे, विमानतळावरील वाहने व निवासाची सोय करणारे स्वतंत्र विभाग उघडले. भूम–परांड्याहून आलेल्या माणसाला याच इमारतींच्या बाह्यरुग्ण विभागात खिडकी कोणती, हे विचारीत फिरावे लागते. त्याला दुभाषा लागत नाही, असे गृहीत धरलेले असते.

जुना अरुंदमापी मार्ग शासनाने १९५४ मध्ये ताब्यात घेतला होता. त्याचे रुंदमापीकरण होताना तो धाराशिव गावावरून वळविण्यात आला आणि २००८ च्या सुमारास कुर्डुवाडी–लातूर मार्ग पूर्ण होऊन जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणास प्रथमच आगगाडी मिळाली. २०२२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कर्करोगाच्या उपचारांसाठी मात्र जिल्ह्यातील रोगी पूर्वीप्रमाणेच बार्शीस जातात.